टाकीतला जिवाणू, शेतातला जिवाणू

जनुक बदललेल्या पिकांवरून आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षे भांडण चालू आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा एका बाजूने ओरड झाली. २०१० मध्ये केंद्र सरकारने बीटी वांग्याला स्थगिती दिली तेव्हा दुसऱ्या बाजूने झाली. २०१९ मध्ये तर अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेला, तणनाशकाला दाद न देणारा कापूस जाहीरपणे पेरून सरकारलाच आव्हान दिले. याच काळात जनुक बदललेल्या जिवाणूंनी बनवलेल्या वस्तू मात्र बिनबोभाट घरोघर पोचल्या. फ्रिजच्या दारात ठेवलेली इन्शुलिनची कुपी घ्या, कपडे धुण्याच्या पावडरीतले डाग काढणारे एन्झाइम घ्या, नाहीतर करोनाच्या दिवसांत नाकात काडी घालून केलेली आरटी-पीसीआर चाचणी घ्या. यांच्यासाठी कुणी रस्त्यावर उतरले नाही. लोकांना माहीत नव्हते म्हणून विरोध झाला नाही, हे याचे एक उत्तर, आणि ते काही अंशी खरेही आहे. पण गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडून पाहिला तर अधिक वजनदार कारण हाती लागते.

या सगळ्या वस्तूंमध्ये जिवाणू स्वतः आपल्यापर्यंत येत नाही, त्याने केलेले काम तेवढे येते. तो पोलादी टाकीत वाढतो, टाकीतच मारला जातो आणि त्याच्या पोटातले एखादे प्रथिन गाळून, शुद्ध करून बाहेर काढले जाते. या तंत्राचे आजवरचे जवळजवळ सगळे मोठे यश अशा बंद टाकीतले आहे. जिथे जिवाणूलाच मोकळ्यावर सोडून त्याच्याकडून काम करून घ्यायचे होते, म्हणजे समुद्रावरचे तेल खाणे, पिकाला थंडीपासून वाचवणे, बिघडलेली जमीन साफ करणे, तिथे पदरात फारसे काही पडलेले नाही. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. ‘जनुक बदलले आहे का?’ या एका प्रश्नावर आपण सगळी शक्ती खर्च करतो. ‘जिवाणू बाहेर पडणार आहे का, आणि पडला तर आवरता येईल का?’ हा प्रश्न त्याहून कितीतरी कामाचा आहे.

इन्शुलिनची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, तरी ती टाळता येत नाही, कारण सगळे तिथूनच सुरू झाले. टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्शुलिन वेगळे काढले. त्यानंतरची साठ वर्षे मधुमेही माणसे डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडावर जगली. कत्तलखान्यातून गोळा केलेल्या दोन टनांहून अधिक मालातून शुद्ध इन्शुलिन निघे जेमतेम पाव किलो. माणसाच्या इन्शुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात. डुकराचे इन्शुलिन त्याहून एका अमिनो आम्लाने वेगळे, गाईचे तिनांनी. फरक एवढासाच, पण काही रुग्णांना तो सोसत नसे. टोचलेल्या जागी सूज येई, खड्डे पडत. शिवाय औषध खाटकाच्या धंद्याला बांधलेले होते. मांस खाणारे कमी झाले किंवा मधुमेही वाढले की तुटवडा पडणार, अशी भीती १९७० च्या दशकात उघडपणे बोलून दाखवली जात होती.

वाट निघाली ती १९७३ मध्ये. स्टॅनफर्डचे स्टॅन्ले कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे हर्बर्ट बॉयर यांची गाठ आदल्या वर्षी होनोलुलूच्या एका परिषदेत पडली होती. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्यापाशी डीएनएच्या छोट्या गोल कड्या असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. कोहेन यांचा अभ्यास त्या कड्यांचा. बॉयर यांच्याकडे डीएनए ठरावीक जागी कापणारे एन्झाइम होते. कडी कापायची, तिच्यात हवे ते जनुक बसवायचे, पुन्हा सांधायची आणि जिवाणूच्या पोटात सोडायची. जिवाणू दुभंगला की कडीचीही नक्कल होते, आणि त्या जनुकावर लिहिलेले प्रथिन तो आपले-परके न पाहता बनवत राहतो. बॉयर यांनी रॉबर्ट स्वॉन्सन यांच्याबरोबर १९७६ मध्ये जेनेन्टेक ही कंपनी काढली. १९७८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूत मानवी इन्शुलिन तयार झाल्याचे जाहीर झाले आणि १९८२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते विकायला परवानगी दिली. तंत्र सापडल्यापासून नऊ वर्षांत औषध बाजारात आले, हा वेग आजही थक्क करतो.

कारखान्यात नेमके काय चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. गोठवून ठेवलेल्या नमुन्यातून थोडे जिवाणू घेऊन ते आधी चंबूत, मग लहान टाकीत, मग हजारो लिटरच्या टाकीत वाढवतात. टाकीत साखर, अमोनिया, क्षार आणि सतत फुंकलेली निर्जंतुक हवा असते. तापमान माणसाच्या अंगाइतके, ३७ अंश. आम्लता जरा हलली की यंत्र आपोआप दुरुस्त करते. सोय नीट असली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. गर्दी पुरेशी झाली की टाकीत एक रसायन घालून त्या परक्या जनुकाला चालू होण्याचा इशारा देतात. मग पेशीची सारी ताकद त्या एकाच प्रथिनावर खर्च होते, इतकी की ते प्रथिन पोटात गोळा होऊन त्याच्या गुठळ्या बनतात. त्या अवस्थेत जिवाणू मारून फोडले जातात. गुठळ्या वेगळ्या काढून विरघळवायच्या, प्रथिनाची घडी पुन्हा नीट बसवायची, त्याच्या दोन साखळ्यांना जोडणारे गंधकाचे बंध जुळू द्यायचे, मधला अनावश्यक तुकडा दुसऱ्या एन्झाइमने छाटायचा, आणि मग शुद्धीकरणाच्या एकामागून एक पायऱ्या. कुपीत उतरते ते निखळ इन्शुलिन. जनुक बदललेला जीव त्यात नसतो.

आणि तो जीव तरी कसला? ई. कोलाय म्हटले की अन्नविषबाधेच्या बातम्या आठवतात. कारखान्यात आणि प्रयोगशाळेत वापरला जातो तो बहुधा के-१२ या वाणाचा. १९२२ मध्ये घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून तो वेगळा केला गेला आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या काचेच्या भांड्यात पोसला गेला. आतड्यात टिकून राहण्याची कला तो विसरला आहे. त्यात परके प्रथिन बनवण्याचे ओझे त्याच्या डोक्यावर, ज्याचा त्याला स्वतःला काडीचा उपयोग नाही. फार्मवरची ब्रॉयलर कोंबडी रानात सोडली तर तिचे जे होईल तेच त्याचे बाहेर होते.

हे आज सहज सांगता येते. १९७० च्या दशकात कुणालाच खात्री नव्हती. म्हणूनच १९७५ च्या फेब्रुवारीत पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या असिलोमार येथे परिषद भरवली आणि शास्त्रज्ञांनी आपणच आपल्यावर बंधने घालून घेतली. जितका धोका अधिक, तितक्या भिंती जाड, हे सूत्र तिथे ठरले. भिंत केवळ विटांची नको, जिवाणूच्या आतही हवी, हा त्यातला सर्वांत मोलाचा विचार. शास्त्रज्ञ रॉय कर्टिस यांनी त्याप्रमाणे मुद्दाम अपंग केलेला एक ई. कोलाय तयार केला. त्याला जगायला लागणारे एक रसायन माणसाच्या आतड्यात मिळतच नसे, आणि पित्ताचा स्पर्श झाला की तो मरे. तो इतका नाजूक निघाला की प्रयोगशाळेतल्या लोकांनाही त्याला वाढवताना नाकीनऊ आले. अमेरिकेतल्या केंब्रिज शहराच्या नगरसभेत १९७६ मध्ये महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना भर सभेत प्रश्न विचारून भंडावून सोडले. त्यावर तेव्हा पुष्कळ हसले गेले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. शहराने विचारावे आणि शास्त्रज्ञांनी उत्तर द्यावे हे योग्यच झाले, आणि ते शहर पुढे जैवतंत्रज्ञान उद्योगाचे मोठे केंद्रही बनले.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यांत जुना आक्षेप असा, की निसर्गाने दिलेले ते सुरक्षित, माणसाने जोडलेले ते घातक. याला उत्तर वाढीच्या संप्रेरकाने दिले, आणि ते फार दुःखद उत्तर आहे. ज्या मुलांची उंची खुंटते त्यांना हे संप्रेरक टोचावे लागते. जनावरांचे माणसाला चालत नाही, म्हणून ते मृत माणसांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथींतून काढले जाई. याहून ‘नैसर्गिक’ दुसरे काय असणार? १९८५ मध्ये अमेरिकेत लक्षात आले, की लहानपणी हे औषध घेतलेली काही तरुण माणसे क्रॉट्झफेल्ट-जेकब या मेंदू कुरतडणाऱ्या आजाराने मरत आहेत. ज्या प्रेतांतून ग्रंथी घेतल्या त्यांतल्या काहींत तो रोग दबा धरून होता. जगभरात या औषधाने दोनशेहून अधिक बळी घेतले, त्यांतले शंभरावर एकट्या फ्रान्समध्ये. १९८५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत जुन्या औषधाचा पुरवठा थांबला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जिवाणूत बनवलेल्या संप्रेरकाला परवानगी मिळाली. जिवाणूला मेंदूच नसल्यामुळे मेंदूचा रोग त्याच्याकडून येण्याचा प्रश्न नव्हता.

पण टाकीतून आले म्हणजे आपोआप निर्धोक, असेही नाही, आणि याचा दाखला समर्थक सहसा देत नाहीत. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पूरक आहार म्हणून घेणाऱ्या लोकांना स्नायूंच्या भयंकर वेदनांचा आजार झाला. पंधराशेहून अधिक लोक आजारी पडले, किमान ३७ दगावले. माग काढता काढता तपास जपानच्या शोवा डेन्को कंपनीच्या मालापर्यंत पोचला. तिने नुकताच जनुक बदललेल्या जिवाणूचा नवा वाण वापरायला घेतला होता. विरोधकांच्या हाती कोलीत मिळाले. मात्र त्याच सुमारास कंपनीने शुद्धीकरणात वापरायचा सक्रिय कोळसाही कमी केला होता, आणि मालात सापडलेली अशुद्ध द्रव्ये त्या पायरीवर अडायला हवी होती. दोष नव्या वाणाचा किती आणि गाळणीतल्या काटकसरीचा किती, यावर तज्ज्ञांचे आजही एकमत नाही. सगळा दोष जनुकबदलावर टाकणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे होईल. तसेच जनुकबदलाला साफ निर्दोष ठरवणेही घाईचे होईल. जिवाणूच्या आत काही बदलले की त्याच्या पोटात नको ती द्रव्येही बदलू शकतात, म्हणून प्रत्येक नव्या वाणाबरोबर शुद्धतेची तपासणी मुळापासून करायची, हा धडा मात्र निर्विवाद आहे. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला औषधांइतकी कडक तपासणी नव्हती, आणि गफलत नेमकी तिथे झाली.

टाकीतले बाकीचे उपयोग भराभर पाहू. वासराच्या जठरातून काढायचे, चीजसाठी दूध विरजणारे कायमोसिन १९९० मध्ये जिवाणूत बनू लागले. अमेरिकेत परवानगी मिळालेला जनुक-अभियांत्रिकीचा तो पहिला खाद्यघटक. आता ते बुरशी आणि यीस्टमध्येही बनते, आणि वासरांच्या जठरांची गरज पुष्कळ कमी झाली आहे. पावडरीतले प्रथिनाचे डाग तोडणारे सबटिलिसिन ब्लीचमध्ये टिकत नसे. त्यातले एक अमिनो आम्ल बदलून ते टिकाऊ केले गेले. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मक्याच्या साखरेपासून ई. कोलाय एक रसायन बनवतो आणि त्यापासून गालिचे आणि कपड्यांचे धागे निघतात. करोनाच्या चाचणीत विषाणूच्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करणारे आणि त्या नकलेच्या कोट्यवधी प्रती काढणारे अशी जी एन्झाइम लागतात, ती सर्रास ई. कोलायमध्ये बनवली जातात. पुण्याच्या मायलॅबने मार्च २०२० मध्ये मान्यता मिळवलेल्या पहिल्या देशी किटची आपण केवढी कौतुके केली! त्या चाचणीचे तंत्रच मुळात अशा एन्झाइमांवर उभे आहे. झायडसच्या झायकोव्ह-डी लशीत तर डीएनएची कडीच शरीरात सोडली जाई, आणि ती कडी वाढे ई. कोलायमध्येच.

मोकळ्यावरचा इतिहास मात्र वेगळा आहे आणि त्याची सुरुवात एका भारतीय नावाने होते. आनंद मोहन चक्रवर्ती हे पश्चिम बंगालमधले शास्त्रज्ञ अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करत. खनिज तेलातले वेगवेगळे घटक पचवणारे प्लाझ्मिड वेगवेगळ्या जिवाणूंत असतात. ते त्यांनी स्यूडोमोनास या एकाच जिवाणूत एकत्र आणले. यात जनुकाची कापाकापी नव्हती, पण सजीवाचे पेटंट मिळावे की नाही हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्ती जिंकले. सगळा जैवतंत्र उद्योग त्या निकालावर उभा राहिला. तो जिवाणू मात्र समुद्रावरच्या खऱ्या तेलगळतीवर कधीच सोडला गेला नाही. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाजाचे तेल किनाऱ्यावर पसरले तेव्हा तिथे खत फवारले गेले, म्हणजे तिथल्याच जिवाणूंना नत्र-स्फुरद देऊन जोमाने कामाला लावले गेले. आपल्याकडे टेरी संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ तेलक्षेत्रांतली माती साफ करायला वापरतात. तेही निसर्गातून निवडलेल्या जिवाणूंचे मिश्रण आहे, त्यात जनुकबदल नाही.

दुसरा प्रयोग कॅलिफोर्नियातला. स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूच्या अंगावर एक प्रथिन असते, ज्याच्या आधाराने पानावरचे पाणी शून्याच्या थोडे खाली जाताच गोठते आणि पीक करपते. शास्त्रज्ञ स्टीव्हन लिंडो यांनी त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले. असा निरुपद्रवी जिवाणू आधी फवारला तर तो पानावरची जागा अडवतो आणि पीक आणखी दोन-तीन अंश थंडी सोसते. नवे जनुक घातलेले नव्हते, उलट एक वजा केलेले होते. तरीही जनुकबदलाचे विरोधक जेरेमी रिफ्किन यांनी न्यायालयात धाव घेतली आणि प्रयोग काही वर्षे लांबला. शेवटी १९८७ च्या एप्रिलमध्ये ब्रेंटवुडच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात फवारणी झाली, तर आदल्या रात्री कुणीतरी घुसून रोपे उपटून टाकली होती. फवारणी करणारी व्यक्ती अंतराळवीरासारख्या पोशाखात आणि बातमीदार थोड्याच अंतरावर साध्या कपड्यांत, हे दृश्य त्या वेळच्या गोंधळाचे चांगले चित्र आहे. प्रयोग तांत्रिकदृष्ट्या जमला, पण माल बाजारात आला नाही. पुढे त्याच कामासाठी निसर्गात सापडणारा दुसरा जिवाणू विकला जाऊ लागला, त्याला इतक्या परवानग्यांची कटकट नव्हती.

हे अपयश फक्त विरोधकांचे आणि कायद्याचे म्हणून सोडून देता येईल का? उद्योगातले लोक तसे म्हणतात. मला ते अपुरे वाटते. आपल्या शेतकऱ्यांना याचा दुसरा पुरावा घरबसल्या मिळतो. सोयाबीन-हरभऱ्याच्या पेरणीआधी रायझोबियम या मुळांशी राहून नत्र देणाऱ्या जिवाणूचे २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून दहा-पंधरा किलो बियाण्याला चोळण्याची शिफारस कृषी विद्यापीठे कित्येक वर्षे करत आली आहेत. यात जनुकबदलाचा संबंध नाही, न्यायालय नाही, आंदोलन नाही. तरीही गुण कधी येतो, कधी येत नाही. पाकीट उन्हात राहिले तर जिवाणू मरतात. जमिनीत आधीपासून ठाण मांडून बसलेले गावरान रायझोबियम नव्या पाहुण्याला मुळाशी फिरकू देत नाहीत. निवडलेला, सशक्त जिवाणू जिथे टिकाव धरत नाही, तिथे परक्या जनुकाचे ओझे वाहणारा काय टिकणार? खरी गोम इथे आहे. जिवाणू दुबळा केला तर तो मरतो आणि काम होत नाही. तगडा केला तर काम होते, पण मग तो आपल्या हातात राहत नाही. टाकीत दुबळेपणा हा गुण ठरतो आणि उघड्यावर तोच दोष. अमेरिकेत ओक रिज येथे १९९६ मध्ये नॅफ्थलीन ओळखून चमकणारा जिवाणू मातीत सोडून पाहिला गेला. तो मातीच्या मोठमोठ्या हौदांत, चारी बाजूंनी बंदिस्त ठेवूनच.

यावर कुणी म्हणेल, की मोकळ्यावर यशस्वी झालेली उदाहरणेही आहेत. आहेत, आणि माझ्या मते ती नियमाला छेद देण्याऐवजी तो अधिक नेमका करतात. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या अखेरीस बदाम, पीच, गुलाब यांच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या अॅग्रोबॅक्टेरियमविरुद्ध एक जिवाणू विक्रीला आला. त्याचा मूळ वाण निसर्गातलाच, शास्त्रज्ञ अॅलन केर यांनी शोधलेला. तो रोगजंतूला मारणारे विष बनवत असे. अडचण एकच होती. ते विष बनवणारी आणि त्यापासून वाचवणारी जनुके ज्या प्लाझ्मिडवर होती, तो प्लाझ्मिड उडी मारून रोगजंतूकडे जाऊ शकत असे. मग रोगजंतूलाच चिलखत मिळाले असते. अभियांत्रिकीने काय केले, तर प्लाझ्मिडची उडी मारण्याची क्षमता कापून टाकली. जनुके इकडून तिकडे जाऊ नयेत म्हणून केलेला हा जनुकबदल आहे. सरसकट विरोध करणाऱ्यांनी त्याविषयी जरूर वाचावे. दुसरे उदाहरण ताजे आहे. अमेरिकेत पिव्हॉट बायो कंपनी २०१९ पासून मक्यासाठी नत्र स्थिर करणारे जिवाणू विकते. जमिनीत खत दिसले की असे जिवाणू नत्र बनवणे थांबवतात. हा लगाम जनुक-संपादनाने सैल केला आहे, बाहेरचे जनुक घातलेले नाही. ते लाखो एकरांवर वापरले गेले. तिथल्या काही विद्यापीठांनी या धर्तीच्या विविध उत्पादनांच्या चाचण्या घेतल्या तेव्हा बहुतेक शेतांत उत्पन्नात फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. दोन्ही उदाहरणांत बदल छोटा, जिवाणू त्या जागेचाच आणि परके ओझे जवळपास नाही. मोकळ्यावर चालले तर एवढेच चालते, असे दिसते.

टाकी आणि शेत यांच्यामध्ये एक उंबरठाही आहे. १९१७ मध्ये जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांना एका सैनिकाच्या आतड्यात असा ई. कोलाय मिळाला, की ज्याच्यामुळे बाकीचे हगवणीने आजारी असताना तो ठणठणीत राहिला असावा. तो जिवाणू आजही औषध म्हणून घेतात. सिनलॉजिक कंपनीने त्यात बदल करून फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात विकारात साचणारे अमिनो आम्ल आतड्यातच तोडण्याचा प्रयत्न केला. जिवंत जिवाणू पोटात घ्यायचा, काम करून घ्यायचे आणि तो वाहून जाऊ द्यायचा. तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ च्या फेब्रुवारीत थांबवावी लागली, कारण अपेक्षित गुण येण्याची चिन्हे नव्हती. आर्सेनिक ओळखून प्रकाश देणारे जिवाणू व्हिएतनाम आणि बांगलादेशातल्या विहिरींच्या पाण्यावर चांगले उतरले. ते बंद कुपीतच राहतात, पाणी त्यांच्याकडे आणले जाते. टाकी छोटी करून खिशात घालण्याचा हा मार्ग मला जास्त आशेचा वाटतो.

राहिला तो पैशाचा आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कत्तलखाना गेला, पण मक्तेदारी आली. जिवाणूत बनणाऱ्या इन्शुलिन लिस्प्रोची कुपी १९९६ मध्ये अमेरिकेत २१ डॉलरच्या आसपास होती. दोन दशकांत छापील किंमत २७० डॉलरच्या वर गेली. जिवाणूची मजुरी वाढली नव्हती. भारतात चित्र वेगळे राहिले, कारण इथे स्पर्धा उभी राहिली. वोखार्टने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २००३ मध्ये देशी मानवी इन्शुलिन आणले, पुढच्याच वर्षी बायोकॉनने. दोघांनी जिवाणूऐवजी यीस्ट वापरले, तत्त्व तेच. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इथे अमेरिकी भाव परवडलाच नसता. तंत्र कुणाच्या मालकीचे आहे यावर ते स्वस्त की महाग हे ठरते, आणि जनुकबदलाला विरोध केल्याने मालकीचा प्रश्न सुटत नाही.

मग आपल्या नियमांनी नेमके कुठे पाहावे? जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांसाठी १९८९ चे नियम आहेत, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. संस्थेची जैवसुरक्षा समिती, केंद्रातल्या समित्या, आणि जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती, अशी उतरंड कागदावर भक्कम आहे. टाकीच्या बाबतीत खरा धोका जिवाणू निसटण्यापेक्षा सांडपाण्याचा आहे. हैदराबादजवळच्या पटानचेरूला औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे प्रमाण किती भयानक असू शकते हे २००७ मध्ये जगाने पाहिले. तिथे जनुकबदलाचा काही संबंध नव्हता, पण ज्या व्यवस्थेला साधे रसायन नळातून अडवता येत नाही तिने प्लाझ्मिड अडवले आहेत की नाहीत हे तपासत राहायला हवे, विशेषतः त्यांवर प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके असतात तेव्हा. शेताच्या बाबतीत प्रश्न पुढे येणारच आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्राने परके जनुक नसलेल्या जनुक-संपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतल्या बऱ्याच जाचातून सूट दिली. ही सूट वनस्पतींपुरती आहे. नत्र देणाऱ्या संपादित जिवाणूंसाठीही ती मागितली जाईल, आणि त्या वेळी ‘परके जनुक नाही’ एवढ्या युक्तिवादावर ती देऊ नये. झाड जागचे हलत नाही, जिवाणू वाहत्या पाण्याबरोबर बांध ओलांडतो. बेकायदा कापूस ओळखायला पानाची पट्टी-चाचणी पुरते. गुळाच्या पाण्यातून बियाण्यावर चढलेला जिवाणू हंगामानंतर मातीत शोधायचा तर त्याच्या डीएनएत आधीच ठेवलेली ओळखखूण लागेल. अशी खूण ठेवणे, ती शोधण्याची पद्धत कंपनीने परवान्याआधी जाहीर करणे, आणि काय काढले वा काय बदलले ते पाकिटावर मराठीत छापणे, या अटी परवान्याबरोबर घालायला नवा कायदा लागत नाही. अटी घालण्याचा अधिकार १९८९ च्या नियमांनी केंद्राच्या समितीला दिलेलाच आहे.